मेढीपासून वीतभर

क्रोकेट हा खेळ मी बरीच वर्षं खेळलो आणि तो मला अजूनही समजलेला नाही. हिवाळे सरांना मी त्याहून जास्त वर्षं ओळखत होतो, आणि त्यांच्याबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. माणूस रोज समोर बसून बशीतून चहा पितो, आपल्या मुलाच्या लग्नात पंगतीत वाढायला उभा राहतो, आपल्यासोबत दवाखान्यात येतो, आणि तरी एखादी साधी गोष्ट तो का करतो, असं कुणी विचारलं तर आपल्याला सांगता येत नाही.

पण आमच्या उंद्रीत क्रोकेट कुठून आलं हे आधी सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, म्हातारा थापा मारतोय. सर चिखलीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. रिटायर झाल्यावर गावी येऊन राहिले. त्यांच्या बायको आधीच वारल्या होत्या. एकुलती एक मुलगी प्रज्ञा, ती शिकायला इंग्लंडला गेली आणि इकडे सरांना हृदयाचा त्रास सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, चाला, पण धावू नका. आता तिकडे प्रज्ञा रोज काय बघायची, तर म्हातारी माणसं हातात लांब दांड्याचे लाकडी हातोडे घेऊन हिरवळीवर हळूहळू फिरतायत, थांबतायत, गप्पा मारतायत. तिला वाटलं, हे आपल्या बाबांना मानवेल. शिक्षण संपवून परत आली तेव्हा सामानात एक लांबलचक खोकं होतं.

खोक्यात चार हातोडे, चार रंगांचे चार चेंडू, लोखंडी कमानी, एक रंगीत खुंटा आणि नियमांचं इंग्रजी पुस्तक निघालं. आमच्याकडच्या बाया धुणं बडवतात त्या मोगरीला लांब दांडा लावला की झाला तो हातोडा. त्यामुळे सरांनी पाटीवर सुबक अक्षरात ‘उंद्री क्रोकेट क्लब’ लिहिलं तरी अख्खं गाव त्याला मोगरी क्लबच म्हणालं. माझी बायको तर विचारायची, “चाल्ले का धुणं धुवाले?”

हिरवळ आमच्याकडे असणार कुठून? पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, अशी आमची काळी जमीन. पण भाऊसाहेब पाटलांचं खळं होतं. मळणी यंत्र आल्यापासून त्यावर दाणा पडला नव्हता, तरी पाटलांच्या घरची रीत अशी, की दसऱ्याआधी खळं चोपून, शेणानं सारवून तयार ठेवायचं. सपाट, गुळगुळीत, गाराढोण. मधोमध बाभळीची जुनी मेढ, म्हणजे मळणीच्या वेळी बैल जिच्याभोवती फिरायचे तो खांब. दसऱ्याला घरची माणसं तिला हळदकुंकू लावतात. क्रोकेटलाही मैदानाच्या मधोमध खुंटा लागतोच. भाऊसाहेब म्हणाले, “मेढ असताना खुंटा कायले पाह्यजे?” आणि तो विलायती रंगीत खुंटा त्यांनी गोठ्यात ठोकून त्याला वासरू बांधलं. ते वासरू पुढे गाय झालं, पण खुंटा तोच.

खेळ असा आहे. जोडी विरुद्ध जोडी. प्रत्येकाचा एक चेंडू. तो मोगरीनं टोलवत सगळ्या कमानींतून ठरलेल्या क्रमानं न्यायचा, मग उलट दिशेनं पुन्हा न्यायचा, आणि शेवटी मधल्या मेढीवर आपटायचा. जोडीतले दोन्ही चेंडू मेढीला लागले की जिंकलात. इथपर्यंत मला कळतं. पण वाटेत दुसऱ्याच्या चेंडूला आपला चेंडू लागला की जादा टोले मिळतात, आणि ते घ्यायचे असतात दोन्ही चेंडू चिकटवून, आणि तोच चेंडू पुन्हा केव्हा मारता येतो आणि केव्हा नाही... इथे माझी गाडी अडते ती अडतेच. मी पोस्टात सबंध नोकरी केली, चुकीच्या पत्त्याची पाकिटं बरोबर घरी पोचवली, पण स्वतःचा चेंडू आता कुठल्या कमानीकडे निघालाय हे मला दर वेळी रशीदभाईंना विचारावं लागायचं.

रशीदभाई म्हणजे आमचे टेलर. गळ्यात कायम टेप, त्यामुळे दोन चेंडूंमधलं अंतर मोजायचा मान त्यांचा. पहिल्या दिवशी आम्ही चौघं खळ्यावर उभे होतो, सर, भाऊसाहेब, रशीदभाई आणि मी. चार चेंडू समोर. निळा, काळा, लाल, पिवळा. आम्ही तिघांनीही निळा सोडून बाकीच्यांना हात घातला. सर बौद्ध, तेव्हा निळा सरांचा, हे आम्ही मनातल्या मनात ठरवूनच टाकलं होतं. सरांनी एकेकाच्या हाताकडे पाहिलं.

“काऊन? यावर माह्यं नाव लिहेल हाये का?”

“नाई सर, तुमच्यासाठी म्हणून ठेवला,” मी म्हणालो.

“बरोबर. पण का?”

हे ‘बरोबर, पण का?’ म्हणजे सरांचं जन्माचं वाक्य. वर्गात पोरानं बरोबर उत्तर दिलं तरी त्याला खाली बसू देत नसत. ‘बरोबर, पण का?’ असं विचारून घाम फोडत. भाजीवाल्याला, कंडक्टरला, डॉक्टरलाही हेच. मग सरांनी माझ्या हातातला पिवळा चेंडू काढून घेतला, निळा मला दिला आणि रोज जोड्या आणि रंग बदलायचे असा नियम तिथल्या तिथे केला. वर म्हणाले, “सपकाळ, सांभाळून मारा बरं. गावाचं लक्ष हाये.” त्या दिवशी माझा चेंडू एकाही कमानीतून गेला नाही. सर पोट धरून हसत होते.

वागणं एकदम शिस्तीचं. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत छत्री, मग ऊन असो की नसो. खळ्यावर यायच्या आधी चपला कुपाशी, म्हणजे काटेरी कुंपणाशी, काढून ठेवणार. सारवलेल्या जागेवर चपलेनं कशाला, असं म्हणायचे. टोला मारण्याआधी एक डोळा मिटून असे उभे राहायचे, की आता प्रयोगशाळेत काहीतरी उकळणार आहे. खेळात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता, म्हणजे तालुक्यात दुसरा क्लबच नव्हता, पण असता तरी.

शाळेत असताना त्यांचा एक कार्यक्रम प्रसिद्ध होता. गावोगावच्या यात्रेत जाऊन ते भोंदू बाबांचे चमत्कार करून दाखवत आणि मग त्यामागचं विज्ञान सांगत. पाणी शिंपडून नारळ पेटवायचे. तळहातावर जळता कापूर ठेवायचे आणि पोळायच्या आत या हातावरून त्या हातावर फिरवायचे. आमच्या गावात केला तेव्हा एक म्हातारी पाया पडायला आली. सर मागे सरकले आणि म्हणाले, “आजी, माह्यात काई नाई. आग कोणाले इचारून पोळत नाई अन् कोणाले इचारून सोडत नाई. आपण हात लवकर काढाचा, बस.” हे वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं.

आता ज्या गोष्टीनं आम्हां सगळ्यांना बुचकळ्यात टाकलं तिच्याकडे येतो. सर कधीच मेढीला चेंडू मारत नसत.

सगळ्या कमानी सर्वांच्या आधी पार करणार. चेंडू मेढीपासून वीतभर अंतरावर आणून ठेवणार. तिथून माझ्या नातवानंही फुंकर मारून पोचवला असता. आणि मग पुढच्या पाळीला सर चेंडू भलतीकडेच टोलवणार, दुसऱ्यांच्या वाटेत आडवा घालणार, जोडीदाराला मदत करणार, आणि परत आणून वीतभर अंतरावर ठेवणार. शेवटी जोडीदाराच्याही कमानी संपल्या की त्यानं आपला चेंडू असा मारायचा, की तो सरांच्या चेंडूला लागून सरांचा चेंडू मेढीवर जाईल. हे नियमात बसतं. सरांनी पुस्तक उघडून दाखवलं होतं. पण जोडीदार माझ्यासारखा असला की काय व्हायचं ते सांगायला नको. जिंकलेले डाव आम्ही माझ्या नेमबाजीमुळे हरलो.

मी एकदा विचारलंच. म्हणाले, “मंग तुमाले काई काम नको का, सपकाळ?” रशीदभाईंनी विचारलं तर म्हणाले, डॉक्टरनं शेवटचा टोला बंद केलाय. प्रज्ञा तेव्हा पुण्यात नोकरीला लागली होती, ती दिवाळीत आली आणि खेळ बघून बुचकळ्यात पडली. “बाबा, एवढ्या जवळून तुम्ही स्वतः का नाही मारत?” सर म्हणाले, “बेटा, चहा टाक.” प्रज्ञानं आमच्याकडे पाहिलं, आम्ही तिच्याकडे पाहिलं. चहा मात्र चांगला झाला होता. मी मनाशी ठरवून टाकलं, की हा काहीतरी मोठ्या खेळाडूंचा डावपेच असेल. न समजलेल्या गोष्टीला डावपेच म्हटलं की बरं वाटतं.

भाऊसाहेबांना मात्र बरं वाटत नव्हतं. माणूस मनाचा मोकळा, पण डोक्यानं तापट. सर आणि ते एकाच वयाचे, एकाच गावात वाढलेले. चारचौघांत ‘सर’ म्हणायचे, राग आला की ‘सुदामा’. इकडे त्यांचा मुलगा संतोष बापाच्या मागे लागला होता, की खळ्यावर काँक्रीट टाकू, सोयाबीन वाळवायला पक्की जागा होईल. भाऊसाहेब त्याला क्लबच्या नावानं थोपवून धरत होते. म्हणजे क्लब टिकला होता तो त्यांच्या एका शब्दावर.

त्या दिवशी सर आणि भाऊसाहेब एका जोडीत होते. समोर मी आणि रशीदभाई. डाव त्यांच्या खिशात होता. सरांचा चेंडू वीतभर अंतरावर, भाऊसाहेबांच्या कमानी झालेल्या. सरांची पाळी आली. सरांनी चेंडू हळूच बाजूला, भाऊसाहेबांच्या चेंडूवर टोलवला आणि जादा टोल्यांत परत आणून तिथेच ठेवला. मग भाऊसाहेबांनी नेम धरला आणि तो चुकला. त्यानंतर रशीदभाईंनी माझा आणि स्वतःचा असे दोन्ही चेंडू मेढीवर घातले. ते कसे, हे मला विचारू नका.

भाऊसाहेबांनी मोगरी आपटली.

“माह्या मेढीले काय खरूज झाली का, सुदामा?”

सरांनी वाकून ती मोगरी उचलली.

“इतके साल पाहून राह्यलो मी. सगळ्या गावाचा चेंडू मेढीले चालते, तुलेच काऊन चालत नाई? माह्या खळ्यावर खेळतं, माह्या घरचा चहा पेतं, अन् मनात जुनं धरून बसतं. तुह्या आजानं खळं मागतलं, माह्या आजानं देल्लं, त्यात माहा काय गुन्हा?”

खळं मागणं म्हणजे काय ते आमच्या पिढीला ठाऊक आहे. रास उचलली की सरांच्या वस्तीतली माणसं कुपाशी येऊन उभी राहायची आणि उरलंसुरलं पदरात पडायची वाट बघायची. ते सगळं कधीच बंद झालं होतं. गावात त्याबद्दल कुणी बोलत नसे, आणि भाऊसाहेब ते असं भर खळ्यात बोलतील असं मला कधी वाटलं नव्हतं. रशीदभाई टेप गुंडाळत राहिले. मला भाऊसाहेबांचा राग आला आणि खरं सांगायचं तर थोडा सरांचाही आला. मारायचा ना बाबा एक टोला, काय बिघडतं.

“उद्या तू सोता मारशीन,” भाऊसाहेब म्हणाले. “नाई मारला त मी संतोषले सांगतो, टाक म्हणा काँक्रीट.”

सरांनी चपला घातल्या, छत्री उचलली. मी त्यांच्यासोबत निघालो. घरापाशी आल्यावर म्हणाले, “त्याचं बरोबर हाये, सपकाळ. पण का, ते मलेच नीट सांगता येत नाई.” सरांना कधी ‘मला सांगता येत नाही’ म्हणताना मी ऐकलं नव्हतं. मी ‘या मग उद्या’ म्हणून सुटका करून घेतली.

दुसऱ्या दिवशी येतील की नाही याची मला धास्ती होती. आले. नेहमीसारखेच. चपला कुपाशी काढल्या. जोड्या पडल्या त्यात ते माझ्याच वाट्याला आले. आदल्या दिवशीचं भांडण गावभर झालेलं, त्यामुळे कधी नव्हे ती पाच-पंचवीस माणसं कडेला येऊन बसली होती. संतोषही उभा होता. खेळात कुणाचंच लक्ष नव्हतं. भाऊसाहेबांचे टोले तर कुठल्या कुठे जात होते. मला कमानींचा क्रम नेहमीपेक्षाही कमी आठवत होता, पण सर एकेक कमान दाखवत गेले आणि कसा कोण जाणे, माझा चेंडू मेढीला लागला. मी त्या आनंदात ओरडलो आणि एकदम गप्प झालो. कारण आता खेळातून माझा चेंडू बाद झाला होता. सरांचा चेंडू मेढीवर पोचवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

चेंडू वीतभर अंतरावर होता. पाळी सरांची. एक डोळा मिटून ते उभे राहिले. मग मोगरी त्यांनी खाली ठेवली, चेंडू ओलांडून पुढे गेले आणि उजव्या हाताचा तळवा मेढीवर टेकवला.

कुणाला काही समजेना. मला वाटलं, चक्कर आली. मी पुढे झालो तर त्यांनी डाव्या हातानं थांबवलं.

“थंड हाये,” ते म्हणाले.

“काय म्हणता सर?” भाऊसाहेब जवळ आले.

“मेढ. थंड हाये.” तळवा तसाच ठेवून सर बोलू लागले. आवाज चढा नव्हता, वर्गात बोलायचे तसाच होता. “मी लहान होतो, भाऊसाहेब. माह्या बापानं खळं मागणं सोडलं होतं, पण आजा काई सोडे ना. रास उचलली का मेढीच्या बुडाशी माती मिसळेल दाणे राहत, ते आमचे. आजा तिकडं कुपापाशी उभा राहे, मी त्याच्यासंग. एक दिवस मी मेढीकडं धावलो. आजानं हात असा धरला का बस. म्हणला, सुदामा, मेढीले हात नोको लावू. पोळते.”

कडेला उभा असलेला संतोष दोन पावलं पुढे आला.

“मी म्हणलं, आजा, बैलाले काऊन नाई पोळत? त आजा नुस्ता रडाले लागला.”

भाऊसाहेबांची नजर मेढीवर होती, सरांच्या हातावर.

“मंग मोठा झालो, समजलं ना सारं. पोरगं मेढीले शिवलं त मार खाईन, म्हणून म्हातारा तसा बोलला. मी कापूर हातावर धरला, नारळ पेटवले, साऱ्या जिल्ह्याले सांगत फिरलो. पण या मेढीले काई हात जाये ना. चेंडू मारतो म्हणलं तरी वाटे, चटका दांड्यातून वर येईन. तुमच्यावर राग नाई, भाऊसाहेब. असता त बरं झालं असतं, सांगता तरी आलं असतं.”

भाऊसाहेबांचे ओठ हलले. “सर, मले हे माईत नोयतं.”

“तुमाले कायले माईत राहीन?” सर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. पण तो शब्द भाऊसाहेबांना लागलेला मी पाहिला.

सर मागे आले. मोगरी उचलली, एक डोळा मिटला आणि मारला. टक्. एवढासा आवाज. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळलं नाही, म्हणून कुणीच वाजवल्या नाहीत. रशीदभाई सवयीनं म्हणाले, “जीत गये,” आणि खाली बघत डोळे पुसायला लागले. माझंही तेच चाललं होतं. संतोष कुठेतरी मागच्या मागे निघून गेला. काँक्रीटचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

पुढच्याच आठवड्यात प्रज्ञा सरांना ऑपरेशनसाठी पुण्याला घेऊन गेली. ऑपरेशन चांगलं झालं म्हणून फोन आला. नंतर एक दिवस दुसरा फोन आला. तो मी उचलला आणि खळ्यावर जाऊन भाऊसाहेबांना सांगितला. ते मेढीपाशी बसले, आणि दिवस बुडाला तरी उठेनात. या दसऱ्याला मेढीला हळदकुंकू लावायला घरची माणसं गेली तेव्हा त्यांनी आधी मला आणि रशीदभाईंना बोलावून घेतलं. का बोलावलं ते सांगितलं नाही. आम्ही नुसते उभे राहिलो. मला वाटतं, त्यांना सरांना बोलवायचं होतं.

आम्ही अजून खेळतो. वीतभर अंतरावर चेंडू आला की प्रत्येक जण जरा थांबतो. असा नियम कुणी केलेला नाही.

सरांचं शेवटचं दर्शन मला त्या संध्याकाळचंच आठवतं. पुण्याला निघाले तेव्हा मी बुलडाण्याला गेलो होतो, ते हुकलं. त्या दिवशी डाव संपल्यावर आम्ही दोघं परत निघालो. कुपापाशी त्यांनी चपला घातल्या. सर उजव्या हाताचे, पण मोगरी डाव्या हातात धरली होती आणि छत्री डाव्याच काखेत. उजवा तळवा अर्धवट उघडा ठेवून चालत होते. त्याला मेढीची धूळ लागली होती, जुन्या हळदीचा पिवळेपणा लागला होता. तो त्यांनी पुसला नाही.

वळणावर थांबून म्हणाले, “सपकाळ, समजला का तुमाले हा खेळ?”

“नाई सर.”

“मलेबी नाई,” सर म्हणाले, आणि हात तसाच उघडा ठेवून घराकडे वळले.